डावी नळी

१ सप्टेंबर २००५, गुरुवार

नोकरीचा पहिला दिवस. हूफडॉर्पच्या घरापासून सायकलने पस्तीस मिनिटं. वारा पाठीमागून होता. नीउ-व्हेनेपच्या अलीकडे कालव्याला लागून माझ्या नव्या साहेबाचं, कोस्टरचं घर आणि वर्कशॉप आहे. कालवा बांधावर, शेतं खाली. बोटी डोक्याच्या उंचीवरून जातात. मी थांबून एक बघितली. बोटीवरच्या बाईने हात केला.

आज डबा अमृताने भरला. वर्षभर तिचा डबा मी भरत होतो. भाजीत मीठ नव्हतं. झाकणावर चिठ्ठी होती, मीठ राहिलं असेल तर साहेबाकडे माग, आणि शेजाऱ्यांच्या गाई मारू नकोस. चिठ्ठी वहीत ठेवली आहे.

भोसरीच्या टूलरूममध्ये एकोणीस वर्षं काढली. कारखाना बंद झाला त्याच महिन्यात अमृताला इथे हॉलंडात नोकरी मिळाली. परवाना तिचा, मी तिच्या सोबतचा नवरा. सोबत आलेल्यालाही काम करता येतं, पण सत्तेचाळीस वर्षांच्या, डच न येणाऱ्या फिटरला काम देतो कोण? मेनेर कोस्टरने दिलं. इथे साहेबाला मेनेर म्हणतात. तो बंदुका बनवतो. वय एकाहत्तर. मुलाखतीत त्याने मला पोलादाचा चौकोनी तुकडा दिला आणि एक चौकोनी भोक दाखवलं. तुकडा चारही बाजूंनी त्यात बसला पाहिजे आणि कडेने उजेड दिसता कामा नये. दोन तास कानस चालवली. त्याने ते दिव्यासमोर धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. मग म्हणाला, की याहून वाईट होऊ शकलं असतं. ही इथली शाबासकी असते, असं अमृताने नंतर सांगितलं.

परत येताना वारा समोरून होता. तरी लवकर पोचलो.

६ सप्टेंबर, मंगळवार

कोस्टर दुनळी रायफली बनवतो. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप. जनावर अंगावर आलं तर दुसरी गोळी लगेच हाताशी असते. इंग्लंडमधल्या नावाजलेल्या दुनळ्या राजेरजवाड्यांसाठीच असतात. कोस्टरच्या गिऱ्हाइकांत एक गुरांचा डॉक्टर आहे, एक बटाटे पिकवतो. त्यांच्यासाठी तो जुनी छर्ऱ्याची बंदूक घेतो. अंग मजबूत, नळ्या गंजलेल्या, अशी. नळ्या कापून काढतो, फक्त मागचा ठोकळा ठेवतो आणि त्यात पीळ असलेल्या नव्या नळ्या बसवतो. दस्ता जुनाच. चाप जुने. नक्षी असली तर असली.

सध्याचं काम गुरांच्या डॉक्टरचं. त्याला जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीला जायचं आहे, पण मनात आफ्रिका. म्हणून त्याने हत्तीला पुरेल असं काडतूस मागितलं होतं. कोस्टर त्याला फोनवर ओरडून सांगत होता, ते मला सगळं कळलं, कारण मध्येमध्ये तो माझ्यासाठी इंग्रजीत पुन्हा ओरडत होता. या बंदुकीचं अंग सत्तर वर्षांचं आहे. तुझ्या आजीला तू घोड्यावर बसवशील का? शेवटी नऊ पॉइंट तीन मिलिमीटरचं ठरलं. जाड गोळी, सौम्य दाब, बुडाला कडा, म्हणजे काडतूस नीट बाहेर ओढलं जातं.

फोन ठेवून तो म्हणाला, की हा निर्णय कायमचा असतो. दुनळी एकाच गोळीशी, एकाच वजनाच्या दारूशी खरी असते. दुसरं काही घातलंत, की दोन नळ्या दोन दिशांना मारतात.

११ सप्टेंबर, रविवार

मंडळाचा गणपती. अमृताने हिरवी साडी नेसली होती. जेवणाच्या रांगेत मंडळातल्या सतीशने विचारलं, की वहिनी कमावतात, मग भाऊ काय, पोळ्या? मी म्हणालो, आता बंदुका. लोक हसले. सतीश म्हणाला, म्हणजे आता वहिनींना उशीर झाला तर जाब विचारायची सोय झाली. अमृताही हसली. बसमध्ये ती म्हणाली, की मी हसायला नको होतं. मी म्हणालो, विनोद बरा होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, की तू कशाचंच वाईट का वाटून घेत नाहीस?

मी उतरायची घंटा दाबली.

२० सप्टेंबर, मंगळवार

नळ्या मागे ठोकळ्यात घट्ट, पुढे मोकळ्या. तोंडाशी दोघींमध्ये पाचर बसते, नखाएवढी. ती पुढेमागे सरकवून नळ्यांचा कल ठरतो. मग डाख देऊन जागा पक्की करायची. नळ्या एकमेकींकडे किंचित झुकलेल्या असतात. कारण उजवी उडाली की बंदूक उजवीकडे झटका खाते, डावी उडाली की डावीकडे. हा झटका धरून कल द्यायचा. कोस्टरने दोन पेन्सिली घेऊन दाखवलं. पन्नास मीटरवर दोन्ही भोकं शेजारी शेजारी, जवळजवळ चिकटून आली पाहिजेत. अंतर जास्त असेल तर पाचर सरकवायची. पण कल जास्त झाला, तर गोळ्या वाटेत एकमेकींना ओलांडतात आणि डावीचं भोक उजवीच्या उजवीकडे पडतं. मग पुढे जितकं लांब जाल, तितक्या त्या दूरच जातात.

अमृताला युट्रेख्टचा प्रकल्प मिळाला. रोज स्किपोलला गाडी बदलून जाते. आठला येते. जेवताना मी तिला पेन्सिली दाखवल्या. ती म्हणाली, छान. मग ताट धुवायला उठली. ताटात अजून भात होता.

३ ऑक्टोबर, सोमवार

पहिली जोडी उडवली. घरामागच्या शेताखाली पन्नास मीटर लांब सिमेंटचे पाइप टाकले आहेत, त्यातून गोळी जाते. परवाना कोस्टरचा, म्हणून गोळी तो मारतो. मी वरून, कोबीच्या कडेने चालत जातो, पलीकडच्या खोलीत कागदावरची भोकं बघतो, उ आणि डा लिहितो, मोजतो.

चौदा सेंटीमीटर. डावी फार बाहेर.

११ ऑक्टोबर, मंगळवार

खंडेनवमी. भोसरीत या दिवशी मशिनं धुऊनपुसून पूजा व्हायची. मी कोस्टरला विचारलं. तो म्हणाला, हळदीने पोलाद गंजतं का? मी म्हणालो, तेल लावून देईन. मग तो खुर्ची घेऊन बघत बसला.

अमृता अर्धी सुट्टी घेऊन येणार होती. तिनेच म्हटलं होतं, तुझं वर्कशॉप बघायचं आहे. अकराला मेसेज आला, मीटिंग आहे, सॉरी. बारापर्यंत थांबलो. मग पाट मांडला, पाटावर कानशी, व्हर्नियर, मधोमध रायफल. बायको जवळ नसली तर तिच्या जागी सुपारी ठेवतात. आई माहेरी असताना वडील ठेवायचे. दोन सुपाऱ्या होत्या. एक माझी, उजव्या नळीच्या तोंडाशी. एक तिची, डाव्या नळीच्या तोंडाशी. दोघांची नावं घेतली. अक्षता टाकल्या. कोस्टरने टोपी काढली होती.

उद्या उत्तरपूजा करून सगळं हलवायचं. मग हत्यारं पुन्हा हत्यारं.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

काल कोस्टरला कंबरेच्या तपासणीसाठी न्यावं लागलं. दिवस तिथेच गेला. आज येऊन बघतो तर त्याने बाक आवरून ठेवलेला. अक्षता, सुपाऱ्या, सगळं व्हॅक्यूमने ओढलं होतं. त्याला वाटलं, मदत केली. उत्तरपूजा राहिली. म्हटलं, असू दे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

डाख सोडवून पाचर केसभर सरकवली. डावीच्या बाजूने ज्योत धरली. साधारण सव्वाअकरा.

साडेअकराला अमृताच्या ऑफिसातून हेमचंद्रचा फोन. हा तिचा टीम लीड. ती डेस्कवर कोसळली, ताप आहे. तिला घेऊन आलो. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितलं, भरपूर पाणी सांगितलं. डावा गाल लाल, उजवा गार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खिडकीशी बसली असेल.

संध्याकाळी ताप नाही.

१७ ऑक्टोबर, सोमवार

नऊ सेंटीमीटर. कोस्टर म्हणाला, की याहून वाईट होऊ शकलं असतं.

अमृता सहालाच घरी आली. येताना बाजारातून बांगडे आणले होते. स्वतः तळले. घरभर वास झाला तर वरची बाई पुन्हा चिठ्ठी टाकेल, असं म्हणाली आणि खिडकी उघडली नाही. जेवताना तिने मला विचारलं, की नळीतला पीळ कशाने पाडतात. मी अर्धा तास बोललो. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, तू असा बोलायचास, भोसरीला असताना.

पुष्कळ दिवसांनी नीट झोप लागेल.

२४ ऑक्टोबर, सोमवार

गुरांच्या डॉक्टरने स्वतःची काडतुसं आणली, कमी दारूची. खांदा दुखतो म्हणाला. कोस्टरने नाइलाजाने उडवून दाखवली. कमी दारू, गोळी सावकाश, बंदुकीला झटका खायला जास्त वेळ. सोळा सेंटीमीटर. डॉक्टरने ती परत खिशात टाकली.

अमृताचा मेसेज, गाड्या बंद आहेत, जयंतीकडे राहते. जयंती तिची ऑफिसातली मैत्रीण. मी टीव्हीवर टेलिटेक्स्टचं गाड्यांचं पान बघितलं. गाड्या चालू होत्या.

२६ ऑक्टोबर, बुधवार

ही वही पहिल्यापासून वाचली.

चौदा तारखेला ज्योत आणि ताप. सतराला नऊ आणि बांगडे. चोवीसला सोळा आणि जयंतीचं घर.

मापं दोनच, आणि टूलरूममध्ये दोन मापं म्हणजे पुरावा नसतो. तिसरं घ्यावं लागतं.

२८ ऑक्टोबर, शुक्रवार

कोस्टरला म्हटलं, आपलं काडतूस एकदा पुन्हा बघू, खात्रीसाठी. नऊ. मी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा.

तीन वाजून बाराला मेसेज आला. लवकर निघतेय, काही आणू का?

मी कोबीच्या शेतात उभा होतो. आनंद झाला. आधी आनंदच झाला, हे लिहून ठेवतो.

१ नोव्हेंबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पणत्या लावल्या. करंज्या मंडळातल्या शोभाकडून आल्या होत्या. पूजा झाल्यावर अमृता म्हणाली, बस जरा. एक डिसेंबरपासून तिने युट्रेख्टला खोली घेतली आहे. कोणी दुसरं नाही. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. म्हणाली, मला तुझा राग येत नाही, दिलीप, तेच वाईट आहे. घरी येताना स्टेशनवर दोन गाड्या मुद्दाम सोडते आणि बाकावर बसते. हे किती दिवस करायचं?

मी म्हणालो, बरं.

ती रडली. म्हणाली, एकदा तरी नको म्हण.

मी पणतीत तेल घातलं. नको म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी होता. माझ्या हातांना जे येतं, ते तोंडाला येत नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पाचर पुन्हा सरकवली. ज्योत लावताना मी डाव्या नळीवर ओलं फडकं धरून ठेवलं. कोस्टर हसला, म्हणाला, बाळाला अंघोळ घालतोयस का? अमृता म्हणाली, दुपारी थोडी कणकण होती.

पाच सेंटीमीटर. कोस्टरने व्हर्नियर ठेवली आणि हात धुतले. काम संपलं म्हणाला. रानडुकराला पाच पुरे. मी म्हणालो, अजून एकदा. तो म्हणाला, नाही. स्वस्त रायफल बनवणं म्हणजे कुठे थांबायचं ते माहीत असणं. बाकी सगळी कानस.

७ नोव्हेंबर, सोमवार

अमृता सातला येते. नीट बोलते. पुस्तकं दोन ढिगांत लावून ठेवली आहेत. तिच्या ढिगात माझं एक आलं, ते तिने परत माझ्या ढिगात ठेवलं.

पाच सेंटीमीटर म्हणजे एवढंच.

कोस्टर पुढच्या सोमवारपासून दवाखान्यात. कंबरेचा सांधा बदलणार. दोन आठवडे तरी. किल्ली माझ्याकडे, नळ्यांना पॉलिश करायला. बंदुका-काडतुसांच्या कपाटाची किल्लीसुद्धा. ती देताना त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, माझ्यावाचून एकही गोळी नाही. कायदा आहे. मी हो म्हणालो.

१४ नोव्हेंबर, सोमवार

ओलं फडकं, लहान ज्योत. पाचर सरकवली. गार झाल्यावर मीच उडवली. उजवी, मग डावी.

तीन सेंटीमीटर.

घरी गेलो तर अमृता आधीच आलेली. पुस्तकांचे दोन ढीग नव्हते. कपाटात पूर्वीसारखी लावली होती. युट्रेख्टचा विषय नाही. मी स्वयंपाकघरात गेलो की ती येते. बाहेर आलो की बाहेर. मी हसून म्हणालो, शेपूट लागलंय मला. ती हसली. थोडी उशिरा हसली.

१६ नोव्हेंबर, बुधवार

एक सेंटीमीटर. कागदावर भोकं जवळजवळ एकच. असं काम कोस्टरनेही केलं नसेल.

ती ऑफिसला गेली नाही. दाराशी उभी होती. मी सायकल आत घेईपर्यंत माझ्या डाव्या खांद्याशी आली. जेवताना तिचा हात माझ्या हाताला लागलेला. मी घास घेतला की ती घेते.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

हेमचंद्रचा फोन, ती तीन दिवस आली नाही, कळवलंही नाही. मी तिला विचारलं. ती म्हणाली, हो. जायचं नाही का? हो. बरं वाटत नाही का? हो.

ती माझ्याकडे बघते, पण नजर माझ्यावर थांबत नाही. माझ्या मागे, लांब कुठेतरी. भिंत मध्ये नसल्यासारखी. पन्नास मीटर असेल.

१९ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवसभर तिच्याशी बोललो. आयुष्यात बोललो नव्हतो एवढं. म्हणालो, त्या दिवशी मला नको म्हणायचं होतं. जाऊ नकोस म्हणायचं होतं. स्टेशनच्या बाकावर मी येऊन बसलो असतो तुझ्याशेजारी.

ती म्हणाली, हो.

मग म्हणालो, अमृता, मला जायचंय असं म्हण. भांड माझ्याशी. ती म्हणाली, मला जायचंय असं म्हण, भांड माझ्याशी. माझ्याच आवाजाच्या चढउतारात.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. दाराच्या पलीकडे तिचा श्वास. काचेला टेकून.

जिला जायचं होतं ती माझी बायको होती. ही कोण?

२२ नोव्हेंबर, मंगळवार

उलटं फिरवायचं ठरवलं. पाचर मागे, पुन्हा पाचवर. पाच नको, चौदा होऊ दे. जाऊ दे तिला युट्रेख्टला. रागावू दे.

निघताना तिला खुर्चीवर बसवलं. फोन तिच्या मांडीवर ठेवला, म्हटलं, वाजला की उचलून बोल. वर्कशॉपमधून फोन लावला, तिने उचलला, मी रिसीव्हर बाकावर ठेवला. ज्योत पेटवली. ओलं फडकं. ज्योत नळीला लागते न लागते तोच फोनमधून —

असा आवाज माणसाचा नसतो. लगेच विझवली.

घरी पोचलो तेव्हा ती खुर्चीवरच होती. रिसीव्हर हातात. मनगटापासून कोपरापर्यंत लाल रेघ, पट्टीने आखल्यासारखी. मी रेघेवर साय लावली. ती माझ्यामागे बघत होती.

ज्योत आता नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

एकच उपाय उरतो. गुरांच्या डॉक्टरची कमी दारूची काडतुसं. त्यांनी सोळा सेंटीमीटर दिले होते. फोन केला. बरा माणूस. म्हणाला, तशीही पडून आहेत, आणून टाकतो.

कोस्टरला दवाखान्यात भेटलो. त्याने हातांकडे बघितलं माझ्या. विचारलं, किती? मी म्हणालो, पाच. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, एक. त्याने माझी बोटं उलटून बघितली. मग म्हणाला, थांबला नाहीस.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी पाऊस, दहाला बर्फ, बारापर्यंत सगळं पांढरं. तिला रजई गुंडाळून खुर्चीत बसवलं आणि एकटाच निघालो. सायकल ढकलत.

डॉक्टरने काडतुसांचा खोका दारातल्या पेटीत टाकला होता. भिजून चिखल झालेला. इथे आल्यापासून माझी सवय, ओलं काही दिसलं की हीटरवर. मोजे, सांडगे, पासपोर्टसुद्धा एकदा. काडतुसं पुसली आणि हीटरवर ओळीने मांडली. तासभर. नळ्या स्वच्छ केल्या. देवाचं नाव घेतलं. भरताना पितळ बोटांना चटका देत होतं.

उजवी. डावी.

बर्फातून पलीकडे गेलो. कागद बघितला. उ लिहिलं. मग —

डावीचं भोक उजवीच्या उजवीकडे.

दोन सेंटीमीटर.

गरम दारू झपकन पेटते. गोळी वेगाने सुटते. बंदुकीला झटका खायला वेळ मिळत नाही. कोस्टर काडतुसं थंड कपाटात ठेवतो. मी तीन महिने ते कपाट बघत होतो. कधी विचारलं नाही का ठेवतो.

घरी फोन लावला. वाजत राहिला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

परत येताना रस्त्यावर पावलांचे ठसे दिसले. अनवाणी. हूफडॉर्पकडून तिरके येऊन, रस्ता ओलांडून शेतात गेलेले. कोणाचे असतील असं मनात आलं. थांबलो नाही. का थांबलो नाही?

घराचं दार उघडं. रजई जमिनीवर. बूट, मोजे, कोट जागच्या जागी. उंबऱ्यापासून ठसे.

तिच्या डाव्या पायाचं करंगळीजवळचं बोट वर उचललेलं असतं. ठशात ते उमटत नाही. वाकून बघितलं. उमटलं नव्हतं.

ठशांमागे धावलो. ते वळत नाहीत. झुडुपातून सरळ. चर ओलांडून सरळ. कुंपणाच्या तारेला तिच्या निळ्या स्वेटरचा धागा. रस्त्याशी ते माझ्या सायकलच्या रेघेला मिळतात. एका ठिकाणी, बोटभर जागेत. मग पलीकडे जातात. एका बाजूला मी, दुसरीकडे ती. बर्फात समोरचं काही दिसत नव्हतं. हाक मारली. आवाज माझ्याच तोंडाशी पडला.

२७ नोव्हेंबर, रविवार

पोलीस. भांडण झालं होतं का? नाही. मग त्यांना युट्रेख्टची खोली कळली. तरुण पोलीस मऊ आवाजात म्हणाला, की लोक सोडून जातात. तिचा कोट खुंटीवर होता. मी दाखवला. त्याने लिहून घेतलं.

लिसजवळ कुत्रा फिरवणाऱ्या एका माणसाने तिला बघितलं. शनिवारी सकाळी. थंडीत अनवाणी. हाक मारली, तिने बघितलं नाही. लिस कालव्याच्या पलीकडे. कालवा तिने कसा ओलांडला, हे कोणी विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार

नॉर्डव्हाइकच्या वाळूच्या टेकड्यांत ठसे. मी नकाशावर पट्टी ठेवली. आमचं घर, रस्ता, लिस, टेकड्या. एक रेघ. पुढे समुद्र.

तिची आई पुण्याहून रोज फोन करते. अहो दिलीपराव, तुम्ही घरातच होता ना? मी हो म्हणतो. माझंही आता हो.

जितकं लांब, तितकं दूर. तासातासाला वाढतंय. मला ते जाणवतं, बरगडीत, डावीकडे —

३० नोव्हेंबर, बुधवार

डावीला हात लावायचा नाही. तिला पुष्कळ भाजलं.

उजवी आहे.

१ डिसेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवी बाजू जळते आहे, कानापासून. ज्योत मी ओलं फडकं न घेता धरली. चांगली वीस मिनिटं. ओरडायला कोणी नव्हतं म्हणून ओरडलो.

जवळ आणायचं नाही आता. ते मी केलं. उजवी फक्त डावीच्या दिशेला फिरवली. तिच्याइतकाच कल. दोन्ही समांतर. भेट होणार नाही. पण अंतरही वाढणार नाही. ती चालेल, मी चालेन. मध्ये जेवढं आहे तेवढंच. समुद्रापर्यंत. समुद्रातही.

कागद बघायला गेलो नाही. गरज नाही. दोन्ही उडाल्यावर कळलं.

बरगडीतलं वाढणं थांबलं.

पाय निघालेत — मी नाही, पाय — वही धरून चालतोय, अक्षर — शेत, चर, ओलं — कालव्याचा बांध समोर — ती दिसते. डावीकडे. लांब आहे, समुद्राशी असेल, पण दिसते. निळं. मान वळवत नाहीये. अमृता, मी नको म्हणतोय, ऐक, जाऊ नकोस, मोठ्याने म्हणतोय — पाणी — ती थांबली. मान — ती वळून —